आबांचं मृत्युपत्र बदलायचं आहे, तर

पोरी, आधी एक काम कर. आबांचं जुनं मृत्युपत्र कपाटातून बाहेर काढलं असेल, तर त्यावर कोणालाही पेन टेकवू देऊ नकोस. त्यांनासुद्धा नाही. "धाकट्याचं नाव खोडतो, वर पोरीचं लिहितो, बाजूला सही मारतो, झालं काम," असं माझा दादा, म्हणजे तुझे आबा, परवा फोनवर म्हणाला आणि माझ्या पोटात गोळाच आला. माझं नोकरीचं आयुष्य रजिस्ट्रीत गेलं. अशा सह्या मारलेले कागद घेऊन लोक यायचे, आणि ज्याने सही मारली तो तोवर गेलेला असायचा.

खोडल्याने काय होतं ते नीट समजून घे, कारण घरं इथेच फसतात. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ सालचा. त्याचं ७१ वं कलम सांगतं की सही-साक्षीने मृत्युपत्र पुरं झाल्यावर त्यात केलेली खाडाखोड, दोन ओळींमध्ये घुसडलेले शब्द, यांना किंमत नाही. किंमत हवी, तर त्या बदलापाशी समासात मृत्युपत्र करणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची पुन्हा सही हवी. याला एक अपवाद आहे आणि तोच जास्त घातक. खोडलेला शब्द वाचताच येईनासा झाला, तर तो शब्द गेला. समज, आबांनी धाकट्याचं नाव काळ्या शाईने गिरगटून टाकलं, वर तुझं लिहिलं, साक्षीदार कोणी नाहीत. धाकट्याचं नाव गेलं आणि तुझंही आलं नाही. पिंप्राळ्याचा प्लॉट अधांतरी. उलट नुसती एक रेघ मारली आणि खालचं नाव वाचता येतंय, तर धाकटा कायम. म्हणजे शाई किती गडद लागली यावर मिळकतीचा निकाल! म्हणून सांगते, ठिगळ नको. नवं मृत्युपत्र करा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत नवं.

बदलायचा हक्क दादाला पुरेपूर आहे, त्याची धास्ती नको. त्याच कायद्याचं ६२ वं कलम म्हणतं की मृत्युपत्र करण्याइतका माणूस शुद्धीवर आहे तोवर ते केव्हाही रद्द करता येतं, बदलता येतं. 'हे मी कधीही बदलणार नाही' असं स्वतः लिहून ठेवलं असलं तरी. धाकट्याच्या बायकोला वाटतं की रजिस्टर केलेलं मृत्युपत्र बदलता येत नाही. चूक. रजिस्टर केलेलं मृत्युपत्र नंतरच्या साध्या, बिनरजिस्टर मृत्युपत्रानेही रद्द होतं, फक्त ते नंतरचं कायद्याप्रमाणे सही-साक्षीचं हवं. पण कोर्टात जुनं शिक्क्याचं आणि नवं वहीच्या कागदावरचं असे दोन समोर आले की नव्यावर शंकेची सुई वळतेच. जुनं रजिस्टर आहे ना, मग नवंही रजिस्टरच करा. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, तेव्हा खर्चाचं निमित्त कोणी सांगू नये.

'शुद्धीवर आहे तोवर' हे शब्द मात्र हलके घेऊ नकोस. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला जसं नवं मृत्युपत्र करता येत नाही, तसंच जुनं रद्दही करता येत नाही. रागाच्या झटक्यात त्याने ते टराटरा फाडलं तरी कायद्याच्या लेखी ते जिवंत. आणि त्याचं मुखत्यारपत्र घेतलेला मुलगाही त्याच्या वतीने बदलू शकत नाही. दादाची ऐंशी जवळ आली, पण परवा त्याने मला कपाशीचा भाव, पाटाची पाळी आणि माझ्या लग्नातल्या मानपानाचा हिशोब एका दमात सांगितला, म्हणजे आज सगळं ठीक आहे. हे आजच करायचं काम आहे. पुण्याच्या बाबा महाराजांनी १८९७ च्या ऑगस्टमध्ये पटकीने जायच्या त्याच दिवशी मृत्युपत्र केलं आणि त्यात व्यवस्थापक म्हणून टिळकांचं नाव घातलं. त्या मरणघाईतून निघालेला, त्यांच्या विधवा ताईमहाराजांच्या दत्तकाचा वाद टिळकांच्या मानगुटीवर बसला तो १९१५ साली प्रिव्ही कौन्सिलच्या निकालापर्यंत.

आता रद्द करायचे रस्ते. ७० वं कलम मोजके रस्ते देतं. नवं मृत्युपत्र किंवा पुरवणी. नाहीतर रद्द करत असल्याचा लेख, पण तोही मृत्युपत्रासारखाच सही-साक्षीचा. नाहीतर ते जाळणं, फाडणं, नष्ट करणं, आणि तेही त्याने स्वतः, किंवा त्याच्या समोर, त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने, आणि मनात रद्द करायचाच हेतू धरून. बाकी काहीही नाही. चार पंचांसमोर तोंडी सांगितलेलं नाही. व्हॉट्सॲपवर टाकलेलं नाही. भावाभावांत झालेला समजुतीचा करारनामा नाही.

फाडण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्याकडे सगळ्यांना तेच सोपं वाटतं. साक्री, शिंदखेड्याकडची माणसं यायची आणि हसत सांगायची, "मॅडम, कागद फाडी टाका, मिटनं काम!" मिटत नाही. रजिस्टर मृत्युपत्राची नक्कल ऑफिसच्या पुस्तकात बसलेली असते. माणूस गेल्यावर कोणीही अर्ज करून ती काढू शकतो आणि 'मूळ कागद हरवला' म्हणून कोर्टात दावा लावू शकतो. मग तुम्ही सिद्ध करत बसा की हरवला नाही, बाबांनीच फाडला, आमच्या देखत फाडला. इंग्लंडात १८७७ साली एक निकाल लागला होता, वकील मंडळी अजून सांगतात. एका गृहस्थाने मृत्युपत्राच्या काही ओळींवर रेघा मारल्या, मागच्या बाजूला 'हे सगळं रद्द' असं लिहिलं आणि ते रद्दीत टाकलं. मोलकरणीने ते उचलून स्वयंपाकघरात ठेवलं, आणि तो मरेपर्यंत ते तिथेच पडून होतं. कोर्ट म्हणालं, मृत्युपत्र कायम, कारण हेतू असला तरी कागद नष्ट कुठे झाला? आपलं ७० वं कलम त्याच इंग्रजी साच्यातलं आहे.

आणखी एक भाबडी समजूत. काहींना वाटतं, दुसरं मृत्युपत्र रद्द केलं की पहिलं आपोआप उभं राहतं. राहत नाही. ७३ वं कलम तसं स्पष्ट सांगतं. मेलेलं मृत्युपत्र जिवंत करायचं तर ते पुन्हा सही-साक्षीने करावं लागतं, किंवा तसं सांगणारी पुरवणी लागते. म्हणून 'आधी जुनं रद्द करू, नवं दिवाळीनंतर बघू' असं दादाने म्हटलं तर ऐकू नका. मधल्या काळात काही बरंवाईट झालं तर मृत्युपत्रच नाही असं धरून वारसा हक्काने वाटणी होते: वहिनी, दोन्ही पोरं आणि तू, सारखे हिस्से. तुला चालेल कदाचित, पण दादाच्या मनातलं ते नाही, आणि मृत्युपत्र दादाचं आहे. रद्द करणं आणि नवं करणं एकाच कागदात, एकाच दिवशी.

त्या कागदात हे वाक्य हवंच: 'यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या या मृत्युपत्राने रद्द केल्या असून हेच माझे शेवटचे मृत्युपत्र आहे.' त्याच्या पुढे जुन्या मृत्युपत्राची तारीख, दस्त क्रमांक आणि ऑफिसचं नाव. हे वाक्य लिहायचं राहून गेलं, तर नव्याशी जिथे जुळत नाही तेवढंच जुनं रद्द होतं, उरलेलं जुनं चालू राहतं, आणि दोन कागद शेजारी शेजारी ठेवून अर्थ लावत बसावं लागतं. नोबेल पारितोषिकवाल्या आल्फ्रेड नोबेलने १८८९ आणि १८९३ साली मृत्युपत्रं केली होती, मग १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये पॅरिसच्या स्वीडिश क्लबात चार साक्षीदारांसमोर तिसऱ्यावर सही केली. त्यात त्याने आधीची सगळी रद्द असं लिहून ठेवलं, म्हणून निदान तो प्रश्न उरला नाही. वकिलाला मात्र जवळ फिरकू दिलं नव्हतं, त्याचं निस्तरणं मागच्यांना वर्षानुवर्षं पुरलं.

पुरवणी, ज्याला वकील कोडिसिल म्हणतात, ती बारीकसारीक बदलाला ठीक. व्यवस्थापक वारला, दुसरा नेमायचा. बँकेचं खातं बदललं. तीही सही आणि दोन साक्षीदारांशिवाय होत नाही, तेव्हा मेहनत तेवढीच. तुमच्यात तर वाटणीच बदलायची आहे, पुरवणीचा विचारच सोडा.

साक्षीदारांचं ऐक. दोन हवेत. दादाने सही केलेली प्रत्येकाने पाहिलेली असावी, किंवा 'ही माझी सही' असं दादाने त्याला सांगितलेलं असावं, आणि प्रत्येकाने दादाच्या देखत सही करावी. दोघं एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं कायदा म्हणत नाही, पण मी म्हणते. एकत्र बसवा. महाराष्ट्रातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका दाव्यात, २००२ साली निकाल लागला, एकच साक्षीदार तपासला होता आणि दुसऱ्याने सही कशी केली हे त्याला सांगता आलं नाही. दुसरा साक्षीदार हयात होता, तरी त्याला पिंजऱ्यात आणलं नव्हतं. मृत्युपत्र शाबीत झालं नाही. एकत्र बसलेले असले की एकाला दोघांचं सांगता येतं. साक्षीदार दादाच्या बरोबरीचे नकोत. पारावरचे मित्र कितीही सज्जन असले तरी तेही ऐंशीचेच. चाळिशीतले बघा, गावात राहणारे, नोकरीने सुरत-पुण्याला न जाणारे, आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे. तुमच्या डॉक्टरांनी साक्षीदार व्हायचं कबूल केलं तर सोन्याहून पिवळं. नाहीतर त्याच दिवसाचा दाखला घ्या की प्रकृती व मन ठीक आहे.

आणि तू. तू त्या दिवशी ऑफिसात यायचं नाहीस. मजकूर तू सांगायचा नाहीस, दस्तलेखकाचे पैसे तू द्यायचे नाहीत, गाडी तू करायची नाहीस. राग मानू नकोस. १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की ज्याला मृत्युपत्रातून मोठा लाभ होतो त्यानेच ते करवून घेण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयाची बाब, आणि तो संशय फेडायची जबाबदारी त्याच्यावरच. उद्या धाकट्याचा वकील तुला हेच विचारणार: वडिलांना घेऊन कोण गेलं होतं? तुझं उत्तर खरं आणि एका शब्दाचं असावं. दोन वर्षं तूच त्यांचं पथ्यपाणी बघतेस, म्हणजे संशय घ्यायला जागा तुझ्यावरच जास्त, सेवा करणाऱ्यावरच जगाचा डोळा असतो.

धाकट्याला कमी का दिलं, ते दादाने एका ओळीत लिहावं. 'त्याला अमुक साली दुकानासाठी रक्कम दिली आहे' एवढंच. शिव्याशाप, 'त्याने मला बघितलं नाही' वगैरे रडगाणं नको. तसली वाक्यं कोर्टात वाचली जातात आणि मनं कायमची तुटतात. जोतीराव फुल्यांनी १८८७ साली मृत्युपत्र केलं, त्यात दत्तक मुलगा यशवंत लायक निघाला नाही तर मिळकत दुसऱ्या लायक मुलाला द्यावी अशी तजवीजही करून ठेवली. अट घालता येते, हे त्यातून शिकावं. त्यात आपला देह मिठात पुरावा अशीही इच्छा होती, ती काही पुरी झाली नाही. दादाला अंत्यविधीबद्दल काही सांगायचं असेल तर तोंडी सांगावं, मृत्युपत्र लोक तेराव्यानंतर उघडतात.

देतोय ते दादाचं आहे का, हेही बघा. यावलकडची केळीची जमीन आजोबांची, वडिलोपार्जित. तिच्यातला फक्त स्वतःचा हिस्सा दादाला मृत्युपत्राने देता येतो. मुलीला जन्मतःच हिस्सा, हे आपल्या महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आलं, केंद्राने २००५ साली केलं, आणि वडील २००५ साली हयात असोत-नसोत मुलीचा हक्क आहेच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. म्हणजे तिथे तुझा हिस्सा दादाने द्यायचा प्रश्नच नाही, तो तुझाच आहे, तू हक्कसोड केली नसशील तर. (मी केली होती. आखाजीला माहेरी यायचं तर भावाशी वाकडं नको, असं आईने सांगितलं. तो विषय वेगळा.) पिंप्राळ्याचा प्लॉट दादाने पगारातून घेतलेला, तो मात्र तो कोणालाही देऊ शकतो. प्रत्येक मिळकतीला गट नंबर, सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्र, चतुःसीमा लिहा. जुन्या कागदात सर्व्हे नंबर आणि 'पूर्व खानदेश' असं सापडेल, ते तसंच उतरवून काढू नका, आजचा सातबारा समोर ठेवा. आणि जुन्या मृत्युपत्रातलं जे शेत दादाने मध्यंतरी विकलं, ते त्यातून आपोआप गेलं. विकून आलेले पैसे त्या शेताच्या जागी बसत नाहीत. ते पैसे कोणाला, हे नव्याने लिहावं लागेल.

बँकेत नॉमिनी बदलला म्हणजे मृत्युपत्र बदललं, हाही गैरसमज. 'कालनिर्णय'वाल्या जयंतराव साळगावकरांच्या घरातलाच दावा होता. त्यांचं मृत्युपत्र २०११ चं, ते गेले २०१३ मध्ये, आणि शेअर्स, म्युच्युअल फंडांना नॉमिनी लावलेले. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांगितलं की नॉमिनी मालक होत नाही. तेव्हा नवं मृत्युपत्र झालं की बँकेतली, पोस्टातली नॉमिनीची नावंही त्याच्याशी जुळवून घ्या, म्हणजे पैसे काढताना एकाचं नाव आणि वाटणीत दुसऱ्याचं, असा घोळ नको.

कोणीतरी दादाला बक्षीसपत्राचं सुचवेल. मुलांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक दोनशे रुपये, ही गोष्ट खरी, आणि म्हणूनच लोक भुलतात. पण बक्षीसपत्र केलं की मिळकत आजच गेली, ते मनात आलं म्हणून परत घेता येत नाही. सांभाळायच्या अटीवर दिलं आणि सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने प्रांताकडे दाद मागता येते, पण म्हातारपणी प्रांताच्या दारात उभं राहायचं कोणी सांगितलंय? मृत्युपत्रात दादा शेवटपर्यंत मालक.

तुझ्या शेजारच्या ख्रिस्ती बाईंनी विचारलं होतं ना. त्यांना सांग, त्यांच्यात मृत्युपत्रानंतर लग्न केलं तर आधीचं मृत्युपत्र रद्द होतं. हिंदूंत तसं होत नाही. मुसलमानांची वसीयत त्यांच्या कायद्याने चालते, तिलाही हवं तेव्हा फिरवता येतं, पण वारस नसलेल्याला साधारणपणे एक तृतीयांशाच्या वर देता येत नाही.

रजिस्ट्रीत गेल्यावर भावांना सुगावा लागेल ही भीती नको. मृत्युपत्राची नोंद तीन नंबरच्या पुस्तकात होते, ते लोकांना बघायला खुलं नसतं, आणि दादा हयात असेपर्यंत नक्कल फक्त त्यालाच किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते. सूची दोनमध्ये शोधून कोणाला काही सापडणार नाही. आणखी गुप्तता हवी तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडे ठेवायची सोय आहे, जळगावलाही आणि धुळ्यालाही. दादाला जिने चढवत नसतील तर अर्ज करून घरी बोलावण्याची तरतूद आहे. प्रोबेटची चिंता नको, आपल्या जळगाव-धुळ्यातल्या हिंदू मृत्युपत्राला ते सक्तीचं कधीच नव्हतं.

जुन्या कागदाचं काय करायचं, ते दादाला ठरवू दे, पण ठरवण्याआधी त्याला हे सांग. नवं टिकलं नाही आणि जुनं शाबूत असेल, तर जुनं पुढे येऊ शकतं. त्याला तसं व्हायला नको असेल, तर नवं रजिस्टर झाल्यावर त्याने स्वतःच्या हाताने, साक्षीदारांच्या देखत जुनी मूळ प्रत फाडावी, आणि हे फाडणार असल्याचं नव्यात लिहावं. तू किंवा वहिनीने त्याला हात लावायचा नाही.

आधार कार्डं, सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, जुन्या दस्ताची नक्कल, डॉक्टरांचा दाखला, एवढं एका पिशवीत घालून ठेव आणि पिशवी वहिनीकडे दे. दादाबरोबर मी जाईन, माझं नाव कुठेच नाही त्यात. त्याला चष्मा आठवणीने घ्यायला सांग. 'वाचून, समजून सही केली' असं लिहायचं असेल तर त्याला ते खरोखर वाचावं लागेल, आणि मोठ्याने वाचलं तर साक्षीदारांनाही ऐकू जाईल.